बारा नंबरचा बिल्ला

हसा, हसा. म्हाताऱ्याला आकडे मोजता येत नाहीत म्हणून तो एकेकाचं तोंड बघत बसतो, असंच म्हणत होतात ना मघाशी? मी अजून बहिरा झालेलो नाही. फळीवर बिल्ले असतात, बिल्ले मोजले की काम झालं, मग येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्याचा चेहरा कशाला बघायचा? लोक वैतागतात. बरोबर आहे तुमचं. पण उद्या तुम्ही चौघं पहिल्यांदा माणसं घेऊन चिखलावर उतरणार आहात, तेव्हा आज हे ऐका आणि मग झोपा. तो दिवा बारीक करा, मालवू नका. आणि बूट शेगडीपासून लांब सरकवा, रबर जळतं.

हे माझ्या ओळखीच्या एका माणसाच्या बाबतीत घडलं. ऐकीव नाही, त्याने स्वतः समोर बसून सांगितलंय. माणूस चष्मेवाला. शहरात गल्लीच्या तोंडाशी त्याचं छोटं दुकान. काचा घासायच्या, काड्या वाकवायच्या, स्क्रू पिळायचे. वीस वर्षं त्याने एक दिवस दुकान बंद ठेवलं नव्हतं. शेवटी बायकोनेच मागे लागून त्याला सुट्टीवर पाठवलं. एकटाच जाणार होता. तीन दिवस. आणि त्या तीन दिवसांत त्याने सात सहली बसवल्या. गुहा, धबधबा, होडीतून पक्षी, फुलपाखरांची बाग, काय विचारू नका. प्रत्येक ठिकाणी गाईड ठरलेला, गाडी ठरलेली. त्याने वेळांचा तक्ता केला आणि तो प्लास्टिकमध्ये घालून आणला, पावसात भिजू नये म्हणून!

बायको म्हणाली, "अहो, सुट्टीला निघालात की परीक्षेला?"

"एवढ्या लांब जायचं तर सगळं बघून यावं," तो म्हणाला.

नऊ वर्षांची मुलगी होती त्याला. तिने एवढंच मागितलं, "बाबा, मला शिंपला आणा. पण दोन्ही झाकणं जोडलेला. एकेक झाकण सगळेच आणतात."

पहिला दिवस झकास गेला. दुसरा दिवस म्हणजे नोव्हेंबरची एकोणीस तारीख, बुधवार. दुपारी साडेचारला चिखलावरची चाल होती. ओहोटीला समुद्र मागे सरकला की चिखलातून खडकापर्यंत जायचं, तिथले पक्षी बघायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. तीच चाल, जी तुम्ही उद्या करणार. पद्धतही हीच. फाटकाजवळ फळी, फळीवर खिळे, खिळ्यांवर पितळी बिल्ले. जाताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, आल्यावर लावायचा. फळी भरल्याशिवाय फाटक बंद होत नाही. आणि एकट्याने आलेल्यांच्या जोड्या लावायच्या, जोडी सोडायची नाही.

चष्मेवाल्याला मिळाला अकरा नंबर. बारा नंबर मिळाला एका निवृत्त पोस्टमनला.

पोस्टमन सत्तरीचा. बारीक, वाकलेला, बोलका. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता. "पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारापर्यंत चाललो साहेब, आता जरा पाण्यापर्यंत चालून बघतो," म्हणाला. चष्मेवाल्याला 'साहेब' म्हणायचा, त्याच्यापेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी मोठा असून. त्याच्या नाकावरचा चष्मा चुकीच्या नंबरचा आहे, हे चष्मेवाल्याने पहिल्या नजरेत ओळखलं. लांबचं याला पुसट दिसतंय, तिन्हीसांजेला तर काहीच दिसणार नाही, हेही ओळखलं. धंदाच तो त्याचा. हे लक्षात ठेवा. त्याला माहीत होतं.

फाटकातून उतरतानाच पोस्टमनने आपला बिल्ला त्याच्या हातात दिला. "साहेब, माझा खिसा फाटका आहे. तुमच्याकडेच राहू द्या. येताना तुमच्याबरोबर माझाही लावा." असं करायचं नसतं. पण गाईड पुढे होता, त्याचं लक्ष नव्हतं. चष्मेवाल्याने दोन्ही बिल्ले खिशात टाकले.

जाताना काही झालं नाही. पक्षी दिसले, लोकांनी फोटो काढले. चष्मेवाला बोलता बोलता आपल्या मुलीबद्दल बोलून गेला. शिंपल्याचंही सांगितलं. पोस्टमन खूश झाला. येताना मात्र त्याची चाल मंदावली. चार पावलं टाकायचा, वाकायचा, चिखलात काहीतरी चाचपायचा. दोघं मागे पडले. चष्मेवाला सारखा घड्याळ बघत होता. साडेसहाला फाटकाजवळून दुसरी गाडी सुटणार होती, रात्रीच्या जंगलात घुबडं बघायला. त्याच्या तक्त्यात पाचवा नंबर.

"काका, चला हो जरा."

"तुम्ही व्हा पुढे साहेब. मी आलोच."

आणि हा पुढे झाला.

फाटकावर पोचला तेव्हा सहा पंचवीस. बाकीचे दहाही जण बिल्ले लावून गाड्यांकडे चालले होते. गाड्या दोन, एक मुक्कामावर परत जाणारी आणि एक जंगलाची. गाईड लांबून ओरडला, "फळी भरली का? भरली की सोडतो गाडी!" चष्मेवाल्याने मागे वळून बघितलं. अंधुक चिखलात एक करडा ठिपका होता. वाकलेला.

येईलच दोन मिनिटांत, तो मनात म्हणाला. मुक्कामाच्या गाडीत बसेल.

त्याने अकरा नंबर लावला. मग बारा नंबर लावला.

"भरली!" तोच ओरडला.

गाईडने फळीवर बॅटरी मारली, फाटक ओढलं, कडी घातली. या गाडीतल्यांना वाटलं पोस्टमन त्या गाडीत आहे, त्या गाडीतल्यांना वाटलं या गाडीत. गाड्या सुटल्या.

वाटेत त्याला सांगता आलं असतं. गाडी थांबवा, एवढं दोन शब्दांचं काम. जीभ उचलली की एकच विचार यायचा. मग विचारतील, बिल्ला कोणी लावला? गाडीभर अनोळखी माणसांसमोर 'मी लावला' म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. खरंच, एवढंच कारण. तो मला म्हणाला, मी दुष्ट नव्हतो हो, मला फक्त लाज वाटत होती. त्या लाजेपायी त्याने तोंड उघडलं नाही, आणि दर मिनिटाला सांगणं आणखी अवघड होत गेलं.

जंगलात पोचले सात वाजता. तिथला गाईड वेगळा होता. तो कुजबुजत म्हणाला, "आता बॅटऱ्या बंद. कोणी बोलायचं नाही. रांगेत चालायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून." चष्मेवाल्याला हायसं वाटलं. आता बोलायला बंदीच होती!

रांगेत तो शेवटचा.

डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार. पुढच्या बाईच्या खांद्यावर याचा हात. पानं चुरचुरत होती. लांब कुठेतरी घुबड ओरडलं. सगळे थांबले. मनगटावरच्या घड्याळाचे काटे हिरवे चमकत होते. सात वीस.

तिकडे भरतीचं पाणी वाटेवर आलं असणार, त्याच्या मनात आलं.

रांग पुन्हा चालू लागली.

आणि त्याच्या डाव्या खांद्यावर हात पडला.

मागून.

हलका. थकलेल्या माणसाने आधाराला ठेवावा तसा. ओला... गार. कोटातून, सदऱ्यातून ओल आत उतरत गेली. मागे कोणी नाही. तो शेवटचा. त्याला माहीत होतं, तो शेवटचा. पाय चालत होते. पाठीमागे पावलं. फच्... फच्... कोरड्या पानांवर.

मग कानाजवळ. अगदी अदबीने.

"साहेब... लावलात ना माझा बिल्ला?"

...

ओरडावं तर आवाज नाही. वळावं तर मान वळेना.

"लावला ना?"

"...लावला."

"बरं झालं. मला वाटलं... तुम्ही विसरलात."

हात तसाच राहिला. पाऊण तास. रांग गाडीपाशी आली, दिवे लागले. मागे कोणीही नव्हतं. पुढची बाई म्हणाली, "अहो, तुमच्या खांद्याला काय लागलंय?" चिखल होता. पाच बोटांचा.

पोस्टमन सकाळी सापडला. वाटेपासून हाकेच्या अंतरावर. फाटकाचा दिवा पुसट दिसला असणार त्याला, भलतीकडेच चालत गेला.

ऑफिसात टेबलावर त्याच्या वस्तू मांडल्या होत्या. चष्मा. ओला रुमाल. रुमालात नीट गुंडाळलेला शिंपला. दोन्ही झाकणं जोडलेला.

गाईड समोर उभा होता. मुख्य साहेब त्याला फाडून खात होते.

"फळी भरली होती साहेब. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"मग काय, तो बिल्ला लावून परत बुडायला गेला? तूच लावला असशील, घरी पळायची घाई!" मग साहेब चष्मेवाल्याकडे वळले. आवाज मऊ केला. "तुम्ही त्यांचे जोडीदार होता. तुम्ही काही बघितलंत का?"

तो म्हणाला, "नाही. माझं... लक्ष नव्हतं."

गाईडने त्याच्याकडे बघितलं. बिचारा हादरलाय, असंच गाईडला वाटलं. पाण्याचा ग्लास त्यानेच आणून दिला त्याला.

गाईडची नोकरी गेली. चष्मेवाला एक दिवस आधी घरी आला. शिंपला टेबलावरच राहिला. मुलीने विचारलं, तर म्हणाला, "तसला मिळाला नाही गं." ती हिरमुसली आणि खेळायला गेली. तो न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला.

त्यानंतर सहा वर्षं, रोज संध्याकाळी सात वीसला... गिऱ्हाईक समोर असो, जेवण समोर असो... डाव्या खांद्यावर हात. दुसरं काही नाही. त्रास नाही, शिव्या नाहीत. फक्त हात, तो अदबीचा प्रश्न, आणि वर 'बरं झालं'. तो मला म्हणाला, त्याने गळा धरला असता तर बरं झालं असतं. तो माझे आभार मानतो हो! बायको म्हणायची, या कोटाचा खांदा ओला कसा राहतो रोज, इस्त्री करून करून माझा हात मोडला. त्याने तीन कोट बदलले.

शेवटी त्याने त्या गाईडचा पत्ता शोधून काढला. गाईड तेव्हा एका गोदामात खोकी उचलत होता, एका खोलीत राहत होता. रात्रीचे आठ वाजले होते. दारावर टकटक झाली.

दार मी उघडलं.

...असे बघू नका माझ्याकडे. हो. मीच तो.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. मी म्हटलं, या ना, आत या. ओळखलंच नाही मी त्याला. चहा ठेवला. तो बोलत गेला, चहावर साय आली तरी बोलत होता. मान वर केली नाही त्याने. शेवटी म्हणाला, "मला मारा. काहीही करा. पण तुमचं नाव मी साफ करणार आहे."

मारावंसं वाटलं मला. सहा वर्षं बायकोला तोंड दाखवायला लाजलो होतो मी. मुठी वळल्या माझ्या... आणि मग ढिल्या पडल्या. कारण त्या रात्रीचं एक मला माहीत होतं, जे त्याला माहीत नव्हतं. फळी मी बघितली होती. माणसं बघितली नव्हती. बारा माणसं घेऊन गेलो, अकरा माझ्या समोरून गाडीत चढली आणि मला कळलं नाही. माझ्या मुलाचा त्या दिवशी वाढदिवस होता. साहेब खोटं बोलले नव्हते रे. मला घाई होतीच.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. मग सायीचा चहा ओतून नवा ठेवला.

तो शब्दाला जागला. ऑफिसात लेखी दिलं, सही केली. पोस्टमनच्या मुलाच्या दारात जाऊन उभा राहिला, तिथे काय ऐकून घेतलं ते त्याने सांगितलं नाही. आपल्या मुलीलाही सांगितलं, ती तेव्हा पंधराची होती. ती चार महिने त्याच्याशी बोलली नाही. मला इथे परत घेतलं ते त्या कागदामुळे. माझ्या घाईचं त्या कागदात काही नव्हतं, आणि मीही ऑफिसात बोललो नाही.

पण त्या रात्री माझ्या खोलीतून निघताना दारात थांबून त्याने डाव्या खांद्याला हात लावला. चाचपला. पुन्हा चाचपला. रडायलाच लागला. "कोरडा आहे," म्हणाला. "बघा हो... कोरडा आहे." मी हात लावून बघितला. खरंच कोरडा होता. मला त्याचं बरं वाटलं, अगदी मनापासून सांगतो. तो जिना उतरून गेला, मी दार लावलं.

चला, झोपा आता. ओहोटी पहाटे साडेपाचला आहे. बिल्ले मोजा, नाही म्हणत नाही मी. पण चेहरे बघा. लोक वैतागले तर वैतागू द्या.

आणि हे बघा, कोणाला रात्री बाहेर जायचं झालं तर दाराजवळच्या खुंटीवरचा माझा कोट घेऊ नका. थंडी वाजली तरी. शेगडीपाशी टांगून झाला, उन्हात टांगून झाला, तीन वर्षं झाली...

डावा खांदा वाळत नाही त्याचा.