रूपकळेचा भाव

"दिवे लागेपर्यंत मी नाई आलो, त चौकीत नको जाऊ. इंदुताईकडे जाजो. फळ्याले रोज पाहणारी तीच एक हाय."

नवऱ्याचे हे शब्द कमळाच्या कानांत रात्रभर घुमत होते. दिवे लागले, विझले. देवाजी आला नाही. सकाळी रामाळा तलावाच्या काठी त्याची सायकल सापडली. हँडलला त्याची टोपी अडकवलेली होती.

इंदुताई तुळशीला प्रदक्षिणा घालत होत्या. कमळा आली ती उंबऱ्यावरच कोसळली.

"पाणी घे आधी."

"पाण्याचं नाव नका काढू, ताई."

देवाजी गुणवंतरावांच्या पेढीवर कारकून होता. रोज सकाळी मुंबईहून तार येई आणि ओट्यावरच्या काळ्या फळ्यावर तो खडूने रूपकळा कंपनीच्या शेअरचा भाव लिही. रूपकळा म्हणजे छापील साड्या, नव्या फॅशनची पोलकी. चांद्यात तिचे शेअर गुणवंतरावांनीच घरोघरी खपवले होते. इंदुताईंच्या यजमानांनीही वारण्यापूर्वी घेतले होते. त्या लाभांशावरच त्यांची चूल पेटत असे. म्हणून देवळातून परतताना त्या रोज फळ्यापाशी थांबत.

आणि भाव कसा, तर तापकऱ्याच्या नाडीसारखा. रोज थोडा खचे, मध्येच एकदम उसळे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तळाला. माणसं धास्तावली होती. जो तो शेअर विकत होता. पडेल त्या भावात ते घेणारा नागपूरचा कोणी गिऱ्हाईक गुणवंतरावांच्या ओळखीचा होता. त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

"देवाजी काही बोलला होता?" इंदुताईंनी विचारलं.

"काई नाई. चार दिवस झाले, जेवणावर ध्यान नोयतं. त्याच्या आधी बरे होते. मागल्या एकादशीले भाव चढला, त खुशीत मटण घेऊन आले."

"एकादशीला मटण?"

"ते कुठी पाळतात, ताई. उपास माहा एकटीचा. मले म्हणत, तू उपाशी राह्यली का महागाई उतरते काय?" ती हसायला गेली आणि रडू लागली.

दोघी पेढीवर गेल्या, तेव्हा चौकीचा नवाब जमादार आधीच आला होता. गुणवंतराव गादीवर बसले होते, गळ्यात तुळशीची माळ.

"शेटजी," नवाब म्हणाला, "कालच नागपूरहून एक बाबू आला. म्हणे, रूपकळेचा भाव तिथी दुप्पट हाय. तुमचा फळा खोटा बोलून राह्यला."

गुणवंतरावांनी डोळे मिटले. "मलाही आत्ताच उमगतंय."

"तार कोण वाचे?"

"देवाजी. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तो सांगे तो आकडा मी खरा मानी. आता उघडं पडणार दिसलं, म्हणून तळ्यात उडी घेतली असेल. देव त्याला क्षमा करो."

कमळा भिंतीला टेकली.

"म्हणजे तो नागपूरचा गिऱ्हाईक देवाजीचा माणूस?" इंदुताईंनी हळूच विचारलं.

"दुसरं काय? तुम्हीही विकून मोकळ्या व्हा, इंदुताई. पण उद्या नको. उद्या एकादशी, मी सौदा करत नाही. परवा या." मग आवाज आणखी मऊ झाला. "एकट्या राहता. कशाला जिवाला घोर?"

बोलणं मायेचं होतं. तरी इंदुताईंना ते खटकलं. एकट्या राहता, हे त्यांनी आजच का म्हणावं?

बाहेर येताच त्या नवाबला म्हणाल्या, "तळं शोधा, पण शेटजींवरही नजर ठेवा. उद्या सकाळी इथेच या."

"उद्या काऊन? आजच विचारतो ना."

"आज ते काहीही सांगतील."

"उद्यापर्यंत ते जिते राहतील काय, ताई?" कमळाने विचारलं.

इंदुताई तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. दशमीचं एकभुक्त, दिवसाचं ते एकच जेवण, त्यांनी पानावर वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं. वाऱ्याने कडी वाजली, तरी दोघी दचकत होत्या.

एकादशीला पेढी उघडीच होती. फळ्यावर ताजा भाव होता. कालच्या दुप्पट.

नवाब फळ्याकडे पाहतच राहिला. "हे कोणं लिहिलं?"

गुणवंतराव माळ ओढत होते.

इंदुताई समोर बसल्या.

"आजची तार कोणी वाचली, गुणवंतराव?"

गुणवंतरावांनी मान खाली घातली.

"मोतीबिंदू आहे का तुम्हाला?"

मणी सरकत राहिले.

"देवाजी जिवंत आहे का?"

मणी थांबले. दाराशी उभी असलेली कमळा पुढे सरकली. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचं चाक करकरत दूर गेलं.

"आहे."

"कुठे?"

"नका विचारू, ताई."

"विचारते. आज विचारते."

गुणवंतरावांनी माळ मांडीवर ठेवली. "पोंभुर्ण्याच्या वाटेवर. माझ्या मोहफुलांच्या गोदामात."

नवाबने दारातल्या शिपायाला खूण केली. कमळा त्याच्या आधी धावली. शिपायाने थांबवलेला जंगलखात्याचा ट्रक निघाल्याचा आवाज आला.

"एवढं सोपं होतं?" नवाब म्हणाला. "मंग काल काऊन नाई विचारू देल्लं?"

"काल दशमी होती, जमादारभाऊ. आज यांच्या तोंडून खोटं निघत नाही." इंदुताई फळ्याकडे पाहत होत्या. "मी दिवस तिथीने मोजते. भाव उसळे तो दर एकादशीला, आणि द्वादशीला मी पारणं करून येईपर्यंत खाली आलेला असे. मला वाटे, माझ्या उपासाची पुण्याई. पण मुंबईच्या बाजाराला आपली एकादशी काय ठाऊक? म्हणजे उसळी मुंबईतली नव्हती, हाताने लिहिलेली होती. मग हा हात कोणाचा? देवाजी एकादशीला मटण खातो. तो त्या दिवशी खोटं लिहिताना कशाला थांबेल? थांबतो तो, ज्याला व्रत मोडायची भीती आहे. रोज खोटा भाव, एकादशीला खरा. आणि त्या दिवशी सौदा बंद, म्हणून खऱ्या भावात कोणी विकूही शकत नव्हतं. नागपूरचा गिऱ्हाईक म्हणजे हेच."

"मंग एकादशीले फळा कोरा ठेवाचा ना, शेटजी."

"कोरा दिसला असता तर लोक पोस्टात विचारायला गेले असते," गुणवंतराव पुटपुटले. "देवाजीने परवा तार स्वतः फोडली. मला जाब विचारला. त्याला मारायचं नव्हतं. सगळे शेअर हाती येईपर्यंत ठेवायचं होतं. सायकल मीच नेली तळ्यावर. आज त्याला भगर पाठवली आहे."

"भगर," नवाब म्हणाला. "कैद्याले बी एकादशी."

उन्हं कलताना ट्रक आला. देवाजी कमळाचा खांदा धरून उतरला. दाढी वाढलेली, मनगटांवर दोराचे वळ. "मले आधी कांदा-भाकर दे," तो एवढंच म्हणाला. कमळाने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग तिथेच हात ठेवून उभी राहिली.

नवाबने गुणवंतरावांना उठवलं. पायरीवर ते अडखळले.

"इंदुताई, घरी आई आहे. तिला दिसत नाही. मी गेल्याशिवाय ती फराळाला बसत नाही. तिला हे रस्त्यावरच्या कोणाकडून कळू नये."

"मी सांगेन."

"खरं सांगाल?"

"खरंच सांगेन. आणि तिला खाऊ घालीन."

लोक फळ्याभोवती जमले होते, भावावरून भांडत होते. इंदुताईंनी पदर डोक्यावरून घेतला. गर्दीच्या कडेकडेने, कोणाच्या लक्षात न येता, त्या गुणवंतरावांच्या घराच्या वाटेला लागल्या.