चिठ्ठीत नव्हतं

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर पाटी आहे: 'चिठ्ठीत नाही ते नंतर मागू नये.' सिस्टिम नव्याने टाकायची असेल, तर काय ठेवायचं ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि खाली सही करायची. बाकीचं पुसलं जातं. तरी मी एक करते. पुसण्याआधी जुन्या सेटिंगची एक प्रत पेन ड्राइव्हवरून माझ्या मशीनवर घेते आणि महिन्याने उडवते. हे गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितलं तर चिठ्ठी कोण लिहील?

हिंमतरावांकडे गेले तो गुरुवार होता. पाणी बंद, जिन्यात बादल्यांची रांग. हिंमतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, निम्मी नोकरी खडकवासल्याला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. राहिला डावा हात आणि कॉम्प्युटर. माउसची बटणं डाव्या हातासाठी उलटी केलेली. डबल क्लिक सर्वांत मंद. आणि महिनोन्महिने बसून त्यांनी स्वतः तयार केलेली एक फाइल: एक अक्षर दाबलं की पूर्ण वाक्य उमटायचं, मशीन ते मोठ्याने वाचायचं.

'प': पाणी हवं.
'द': दुखतंय.
'थ': थांबा.

चिठ्ठी त्यांच्या मुलाने, तेजसने लिहिली.

ठेवायचे: फोटो. पेन्शनचे कागद. फ्लॅटचे कागद.

"सेटिंग?" मी विचारलं. "काकांची ती फाइल?"

"ती कशाला, प्रियदर्शनी मॅडम? माउस उलटा, अक्षरं भिंतीएवढी, मला साधा मेल करता येत नाही. आणि दिवसभर तो डबा, पाणी हवं, पाणी हवं. आज गुरुवार आहे. कुठून आणू पाणी?" तो स्वतःच हसला.

हिंमतरावांनी डावं बोट कळेवर ठेवलं.

"थांबा," मशीन म्हणालं.

"बाबा, हात काढा."

"थांबा."

मी तेजसकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. सही तेजसची होती. "चिठ्ठीत नाही, काका," मी म्हटलं आणि त्यांचा हात उचलून मीच बाजूला ठेवला.

दीड तास लागला. तेवढा वेळ ते माझ्या उजव्या हाताकडे बघत होते.

*

सोमवार. दुकानातल्या माझ्या मशीनवर माउसची बटणं उलटी. सरळ केली.

मंगळवार. पुन्हा उलटी. डबल क्लिक मंद.

बुधवार. बिलात 'पंखा' लिहायला 'प' दाबलं. पाणी हवं.

गुरुवार. हिंमतरावांच्या सेटिंगची प्रत कायमची उडवली. रीसायकल बिनही रिकामं केलं.

शुक्रवार. प्रत जागेवर. उजवी करंगळी मिटत नाही.

पुढचा मंगळवार. चहा तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळला. कळलं तेव्हा ओढणी भिजली होती.

डॉक्टर म्हणाले, "स्कॅन स्वच्छ आहे. ताण घेऊ नका."

*

मग मी ती प्रत पेन ड्राइव्हवर हलवली. कॉपी नाही, कट. ती तिकडे गेली त्या क्षणी माझी बोटं मोकळी झाली. पेन ड्राइव्ह खिशात टाकून मी निघाले. ज्याचं त्याला परत द्यायला.

दार हिंमतरावांनीच उघडलं. उजव्या हाताने.

"या," ते म्हणाले. खणखणीत आवाज. "चहा घेणार ना?"

"डॉक्टर म्हणतात चमत्कार झाला," तेजस म्हणाला. तो वडिलांपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. हसत नव्हता.

"काका, तुमची सेटिंग माझ्याकडे राहिली होती. पाच मिनिटांत टाकून देते."

त्यांनी कप भरला. एक थेंब सांडला नाही.

"चिठ्ठीत होती?"

"काका, माझा हात..."

"चिठ्ठीत होती का?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी कप माझ्या उजव्या हाताकडे सरकवला. "गरम आहे. सांभाळून."

मी दुकानात पोचले तेव्हा पेन ड्राइव्ह रिकामा होता. प्रत माझ्या मशीनवर. तिला राहायला मशीन लागतं, एवढं कळलं. पेन ड्राइव्ह म्हणजे नुसता रस्ता.

*

हे डाव्या हाताने लिहिते आहे.

हळू.

उजवा हात उचलून मांडीवर ठेवावा लागतो.

ठेवला की तिथेच राहतो.

काल 'थ' दाबलं. मशीन बोललं.

त्याचा स्पीकर मी काढून ठेवला होता.

*

आज सकाळी तनुजा आली. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप सारखा अडकतो म्हणाली.

"ताई, सिस्टिम नवी टाका, पण माझे ब्रश जाऊ देऊ नका हं. चित्रासाठी एकेक ब्रश मी स्वतः सेट केलाय. चार वर्षं लागलीत." मग तिचं लक्ष गेलं. "अय्या, हाताला काय झालं?"

"आखडला." एवढा एक शब्द मला दोनदा म्हणावा लागला.

"लवकर बरं व्हा हं."

मी चिठ्ठी पुढे केली. तिने लिहिलं: सगळे ब्रश. सगळं जसंच्या तसं. आणि सही केली.

"काही जाणार नाही ना, ताई?"

"जाणार... काही नाही."

ती गेल्यावर मी पेन ड्राइव्ह माझ्या मशीनला लावला. कट. मग तिच्या लॅपटॉपला लावला.

पेस्ट.

*

ही ओळ दोन्ही हातांनी टाइप केली आहे. तनुजा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन गेली. ब्रश सगळे आहेत, तिने माझ्यासमोर मोजून घेतले. इतर चिठ्ठ्या मी महिन्याने फाडते. तिची ठेवणार आहे. नावाखाली तिने एक लांब रेघ ओढली आहे, पट्टी न लावता. अगदी सरळ.