चार केस जास्तीचे

ब्रशच्या दुकानात शिरलेला माणूस एकामागून एक ब्रश उचलत होता, अंगठ्याने केस वाकवून बघत होता आणि मान हलवून परत ठेवत होता. सात झाले, आठ झाले. शेवटी काउंटरमागे ब्रश बांधत बसलेल्या तिला राहवेना.

"काय रंगवायचंय?"

"रंगवायचं काहीच नाही," तो म्हणाला. "मासा पकडायचाय."

आतल्या खोलीत ब्रशचे केस चिकटवायची लाख वितळवणाऱ्या तिच्या बाबांचा हात थांबला. ती खुदकन हसली... आणि लगेच ओठ चावला, कारण तो अगदी गंभीर होता. पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला! दिवसभर बारीक स्क्रू पिळणारी लांब बोटं, आणि स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरलेला.

त्याने रुमाल उलगडला. आत शिशाचं वाटाण्याएवढं डोकं, त्यातून वळलेला गळ, वर रबराची झालर. "हा जिग. घरीच ओतलाय. तळ्याच्या त्या कडेच्या दाट पाणगवतात एक थोराड मासा आहे. सगळे त्याला आजोबा म्हणतात. पण गळ टाकला की आधी गवतच अडकतं. म्हणून टोकापुढे केसांचं कुंपण हवं. गवताला अडवेल, पण माशाने तोंड मारलं की वाकेल."

"कडक, पण फार नाही."

"हो!"

"मऊ, पण लुळं नाही."

"अगदी बरोब्बर!" त्याने तिच्याकडे असं बघितलं, की तिला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

केसांचा कडकपणा म्हणजे तिचं राज्य. चिमटीत धरले की न मोजता आकडा सांगायची. तिने नायलॉनची जुडी सोडली, जिगच्या डोक्यातल्या भोकात गरम लाख सोडली, केस बसवले. "चोवीस," ती म्हणाली. "शनिवारी येऊन सांगा."

खरं सांगायचं तर वीस पुरले असते; चोवीसांचं कुंपण माशाने तोंड मारलं तरी वाकणार नव्हतं. हे तिला तेव्हाच कळलं होतं.

शनिवारी तो आला, केस वाऱ्याने विस्कटलेले. "गवत अजिबात अडकलं नाही! पण... मासाही नाही."

"अरेरे," ती म्हणाली. आवाजात जरा जास्तच आनंद होता. "दुसरं करून देते."

दुसऱ्यातही चोवीस. तिसऱ्यातही. तो काउंटरला रेलून तळ्यावरच्या धुक्याबद्दल बोलायचा, आणि तिची चिमटी मुद्दाम हळू चालायची.

"तुम्हाला घाई नाही ना?" ती विचारायची.

"छे! आजोबा कुठे पळून जातायत?"

"याच्या डोक्यावर एवढं जंगल आहे," बाबा आतून म्हणायचे, "तरी दर शनिवारी केसच मागायला येतो!"

सहाव्या शनिवारी मात्र तो काउंटरला रेलला नाही. "उद्या तळ्यावर स्पर्धा आहे. सगळे पैज लावतायत, चष्मेवाला यंदाही हात हलवत परत येणार."

तिच्या मनात आलं, हे आपल्यामुळे! आपल्या चार केसांमुळे या माणसाचं हसं होणार. पण बरोबर करून दिलं, तर तो पुन्हा कशाला येईल?

तिने केसांची जुडी घेतली. चार केस बाजूला काढले. वीस बसवले.

"हा चालेल," ती खाली बघत म्हणाली.

"म्हणजे... पुढच्या शनिवारी यायची गरज नाही?"

"नाही."

रविवारी तिने एकच ब्रश तीनदा बांधला आणि तीनदा सोडला.

"तळ्यावर जायचं असेल तर जा," बाबा म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं?"

"मी तरी कुठे काय विचारलं?"

ती धावतच निघाली. रिमझिम होती. गवताच्या कडेला तो रॉड धरून उभा होता, खांदे पाडून, दोरीकडे लक्षही नाही. शेजारी डबा उघडा होता, आणि त्यात तिचे जिग कापसात ठेवलेले. तिने पहिला उचलला. रंग खरवडलेला, शिशावर दातांच्या खुणा. सवयीने तिने केस चिमटीत धरले.

"हे वीस आहेत. मी चोवीस दिले होते!"

तो दचकून वळला. त्याचे कान लाल झाले.

"आणि हे दात कोणाचे?"

"आजोबांचे... पहिल्याच आठवड्यात लागले होते. सोडून दिले."

"केस कोणी कापले?"

"माझ्या दुकानात तीन कात्र्या आहेत."

"मग पाच शनिवार खोटं—"

"तुम्ही चार केस जास्त का घालत होतात?"

आता तिचे कान लाल झाले.

"पहिल्यांदा चार केस कापले तेव्हा कुठे कुंपण वाकलं. वाटलं, चूक असेल," तो म्हणाला. "पण दुसऱ्या वेळीही चारच! त्या रात्री आनंदाने झोप नाही लागली. आणि काल घरी जाऊन मोजले, तर वीस. म्हटलं... संपलं."

"तुम्ही जिंकावं म्हणून घातले मी वीस!"

"मला जिंकायचं नव्हतं. मला शनिवार हवा होता. मला तू—"

रॉड कमानीसारखा वाकला. गवत एवढं ढवळून निघालं की दोघांच्या अंगावर पाणी उडालं.

"अरे, बघतोस काय, ओढ!" ती ओरडली आणि काठावरचं जाळं उचलून, कपड्यांची पर्वा न करता गुडघाभर पाण्यात उतरली. तो ओढत होता, ती जाळं पुढे धरत होती, दोघंही एकदमच हसत आणि किंचाळत होते. आजोबा जाळ्यात आले तेव्हा काठावर एकच गलका झाला. तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याच्या चष्म्यावर थेंबच थेंब होते, तिने ते ओढणीच्या टोकाने पुसले.

"पुढच्या शनिवारी येऊ का गं?" त्याने विचारलं.

"ये," ती म्हणाली. "चोवीस घालून ठेवते."