स्टीअरिंगखालची गाठ

दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"पोरी, माझ्या गाडीला कोणीतरी हात लावलाय."

आवाज उस्तादांचा होता. वायरवालीने शटर तसंच सोडलं. बावीस वर्षांपूर्वी याच माणसाने तिच्या हातात पहिला टेस्टर दिला होता. गॅरेजमध्ये मुलगी घेतली म्हणून लोक हसले, तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "ती वायर बघते आणि तुम्ही तिला बघता. काम कोणाचं आधी होईल?" सगळ्यांची तोंडं बंद झाली होती. आता तिचं स्वतःचं दुकान होतं. गाडीच्या वायरिंगचा गुंता सुटला नाही की लोक तिचंच दार ठोठावत.

"काय झालंय, उस्ताद?"

"काय झालंय ते तू सांग. कोणी केलंय ते मला माहीत आहे. आमच्या चिरंजीवांनी. मला फक्त पुरावा दे. संध्याकाळी त्याची बॅग दाराबाहेर ठेवतो."

फोन बंद झाला.

घराखालच्या शेडमध्ये गाडी उभी होती. लाल, ठेंगणी, दोनच माणसांची. भंगारात निघालेली ही स्पोर्ट्स कार उस्तादांनी अकरा वर्षं खपून उभी केली होती. एकेक स्क्रू त्यांच्या हातचा.

"बस आणि चालू कर," ते म्हणाले.

तिने चावी फिरवली. इंजिन लगेच गुरगुरलं. स्टीअरिंगही मोकळं होतं. तिने गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी हातभर पुढे सरकली आणि मेली.

पुन्हा केलं. पुन्हा हातभर, पुन्हा बंद.

"तीन आठवडे हेच," उस्ताद म्हणाले. "दोन मेकॅनिक येऊन गेले. पेट्रोलचा पंप बदलला, फिल्टर बदलला. शून्य."

"स्टीअरिंगखाली कोणी हात घातला?"

"कशाला घालतील? पेट्रोलची टाकी मागे, म्हणून तेही मागेच खुडबुडत बसले."

"आणि तुम्ही? स्टीअरिंगचं कुलूप बघितलं?"

"सगळं बघितलं!" उस्ताद एकदम चिडले. "मला शिकवू नकोस."

या गाडीचं ते कुलूप तिला उस्तादांनीच शिकवलं होतं, खडूने फरशीवर चित्र काढून. चावी काढली की स्टीअरिंगच्या दांड्यात एक खीळ बसते, म्हणजे चोराला गाडी वळवता येत नाही. चावी घातली की खीळ बाहेर येते, आणि एका बारीक वायरीतून गाडीच्या संगणकाला निरोप जातो: मी सुटले. तो निरोप पोचला नाही, तर संगणक समजतो की स्टीअरिंग अजून अडकलेलंच आहे. इंजिन तो चालू राहू देतो. पण चाकं फिरायला लागली रे लागली, की पेट्रोल तोडतो. न वळणारी गाडी धावण्यापेक्षा उभी राहिलेली बरी.

इथे स्टीअरिंग मोकळं होतं. म्हणजे खीळ सुटली होती. निरोप तेवढा अडला होता.

ती पाठीवर झोपून आत सरकली. स्टीअरिंगखालच्या कव्हरला तीन स्क्रू होते. प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. ही उस्तादांच्या गॅरेजची शिस्त. स्क्रू पक्का आवळला की त्यावर ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा कव्हरवर. नंतर कोणी स्क्रू फिरवला तर दोन अर्धे जुळत नाहीत आणि चोरी पकडली जाते.

इथे ते जुळत नव्हते. एका स्क्रूची खाच तर पार बोथट झाली होती. कोणीतरी चुकीच्या मापाचा पेचकस लावून झटापट केली होती.

तिने कव्हर उतरवलं. जांभळी वायर तिच्या जागेवरून काढलेली होती. कापलेली नव्हती, टोकाची पिन अलगद सोडवून वर टेप गुंडाळली होती. टेपवर पांढरा दोरा, दुहेरी गाठीचा. गाठीत पुठ्ठ्याचा एक फाटका कोपरा अडकला होता.

तिने दोरा गाठीसकट अलगद ओढून मुठीत घेतला.

"सापडलं?" वरून आवाज आला.

"बघतेय. जरा काकूंकडून पाणी पिऊन येते."

काकू ओट्याशी भांडी पुसत होत्या.

"काकू, गाडी शेवटची नीट कधी चालली होती?"

"आम्ही दोघं फिरायला गेलो तेव्हा." काकूंचा चेहरा एकदम उजळला. "अगं, किती वर्षांनी नेलं मला! मी म्हटलं, अर्ध्या तासात परत येऊ. तर तीन तास फिरवलं. त्या मोठ्या कारंज्याला तर चार वेळा वळसा घातला. मी म्हटलं, कारंजं फारच आवडलेलं दिसतंय! तर बोलायलाच तयार नाहीत. नुसते समोर बघत होते. लाजले असतील."

"आणि दुसऱ्या दिवशी गाडी बिघडली?"

"दुसऱ्याच दिवशी. दृष्ट लागली बघ."

मुलगा जिन्यात भेटला. औषधांच्या दुकानात बसणारा, पस्तिशीचा, हळू बोलणारा. घरातला बल्बसुद्धा काकूच बदलायच्या.

"दादा, गाडी तू बिघडवलीस?"

"हो."

"का?"

"विका म्हणून सांगत होतो. ऐकत नव्हते."

"कोणती वायर काढलीस?"

तो अडखळला. "लाल."

"कशी काढलीस?"

"कशी म्हणजे? कापली. पकडीने."

"दादा, ती वायर जांभळी आहे, आणि कापलेली नाही."

त्याने जिन्याचा कठडा धरला. "ताई, मी केलंय म्हणतोय ना. तेवढंच सांग त्यांना. बॅग भरून ठेवलीय मी."

"आणि त्या वायरीला बांधलेली पुठ्ठ्याची पट्टी कुठे आहे?"

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

शेडमध्ये चौघं जमले. उस्ताद स्टुलावर बसले होते, कोर्टात बसावं तसे.

"नाव सांग," ते म्हणाले.

"तुम्ही शिकवलंत तसं सांगते. पायरी पायरीने." "गाडी बंदच पाडायची असती, तर बॅटरीची वायर काढणं सोपं होतं. ज्याने हे केलं, त्याला इंजिन चालू हवं होतं. रोज सकाळी त्याला तो आवाज ऐकायचा होता. फक्त रस्त्यावर जायचं नव्हतं."

"पुढे."

"आत दोन हात गेलेत. पहिला हात कसलेला. पिन सोडवली, वायरला ओरखडाही नाही. कव्हर लावून ठिपके दिले. दुसरा हात नंतरचा, अडाणी. त्याने ठिपके मोडले, एका स्क्रूची खाच खाल्ली. तो हात दादाचा. पण वायर काढली ती पहिल्या हाताने."

"मग तो पहिला कोण? त्या दोघा मेकॅनिकपैकी?"

"ते यायच्या आधीच गाडी बंद होती." तिने तळहात पुढे केला. त्यात दोऱ्याची गाठ होती. "उस्ताद, वायर काढून ठेवली तर तिला काय बांधायचं?"

"पट्टी," ते लगेच म्हणाले. शिकवायची सवय तोंडात होती. "का काढली ते लिहायचं. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे."

"ही गाठ कोणाची?"

उस्तादांनी ती उचलली. चष्मा वर केला. बोटाने गाठ चाचपली. दुहेरी, शेवटचा फेर उलटा. त्यांच्या सगळ्या शिष्यांनी प्रयत्न केला होता. तो उलटा फेर कोणालाच जमला नव्हता. तिलाही नाही.

उस्तादांनी गाठ मांडीवर ठेवली.

"दादा," ती म्हणाली, "दे ती."

मुलाने खिशातून पुठ्ठ्याची पट्टी काढली. एक कोपरा फाटलेला. "बाबा, फिरून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुम्हाला स्टीअरिंगखाली शिरलेलं बघितलं होतं. तासाभराने तुम्हीच विचारलंत, गाडीला काय झालं. मला वाटलं, थट्टा करताय. मग मी कव्हर उघडलं."

उस्तादांनी पट्टी वाचली. आधी मनात, मग मोठ्याने, दुसऱ्याचं पत्र वाचावं तशी.

"कारंज्यापासून घराचा रस्ता आठवला नाही. तीन तास. ही शेजारी बसून हसत होती. आता चालवायची नाही. चावी लपवली तर मी शोधून काढीन, म्हणून वायर काढली. इंजिन चालू होईल. गाडी जाणार नाही."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"मला वाटलं..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग पुढे होऊन त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण मला मजा आली होती हो. ते काही खोटं नाही."

उस्तादांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "पण हे लिहिल्याचं मला आठवत नाही." मग मुलाकडे वळले. "तीन आठवडे शिव्या खाल्ल्यास. तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तुम्ही मला दोष देत होतात, तोवर तुम्हाला स्वतःच्या विसरण्याबद्दल कळणार नव्हतं."

"गाढवा," उस्ताद म्हणाले. त्यांनी मुलाचा हात ओढून धरला. "अरे गाढवा."

थोड्या वेळाने ते उठले. "कव्हर लाव, पोरी. ज्याने केलं त्याने काम चोख केलंय. वायर आहे तशीच राहू दे."

तिने स्क्रू आवळले. नेलपॉलिशची बाटली त्यांनी हातात घेतली. ठिपके ते स्वतः देणार होते. तिन्ही ठिपके बरोबर अर्ध्यावर बसले. मग नवी पट्टी घेऊन ते मोठ्या अक्षरात काहीतरी लिहीत बसले. ती पट्टी त्यांनी कव्हरच्या आत नाही, स्टीअरिंगवर बांधली. समोरच. उलट्या फेराच्या गाठीने.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला.

"पोरी, मी गाडीत बसलोय," उस्ताद म्हणाले. मागे इंजिन गुरगुरत होतं. "इथे एक पट्टी बांधलीय. अक्षर माझं आहे. लिहिलंय, वायर मीच काढली, पोराचा दोष नाही, त्याला जवळ घे."

"हो, उस्ताद."

"मी त्याला काही बोललो होतो का गं? वाईट?"

वायरवालीने शटरला पाठ टेकवली.

"पुढच्या माणसाला कळावं म्हणून आहे ती पट्टी," ती म्हणाली. "लिहिलंय तसं करा."

पलीकडे इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग उस्तादांची हाक, जिन्याच्या दिशेने, मुलाच्या लहानपणीच्या नावाने.