गो-अराऊंड म्हणजे पळून जाणं नव्हे

मला त्याचा पहिल्यांदा राग आला तो लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर.

संकष्टी होती. बयाबाई, म्हणजे माझी आजी, अर्ध्या वाटेत दम खायला बसली होती. मी तिच्या शेजारी मोबाईलवर नकाशा उघडून पाठांतर करत होते. विमान उतरवायचा नकाशा. ढगात शिरलं की बाहेरचं काही दिसत नाही. मग समोरच्या उपकरणांवर भरवसा ठेवून धावपट्टीपर्यंत कसं यायचं, कुठल्या बिंदूवर किती उंची ठेवायची, ते सगळं त्यात आखलेलं असतं. पुढच्या महिन्यात माझी तीच परीक्षा होती. मी बोटानं विमान चालवत पुटपुटत होते, आणि मागून आवाज आला...

"तुम्ही डोंगरात घुसलात."

वळून बघते तर एक उंच, सावळा मुलगा, हातात नारळ, आणि डोळ्यांत हसू. परक्या मुलीच्या मोबाईलात डोकावायचं आणि वर ती मेली म्हणून सांगायचं! मी काही बोलायच्या आत त्यानं बोट दाखवलं. शेवटच्या टप्प्याचा बिंदू अजून पुढं होता आणि मी आधीच खाली यायला लागले होते. मधे टेकडी होती. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर जास्तच झोंबलं.

"कुणाचा रं तू?" आजीनं विचारलं.

"जानकूचा. सार्थक. तुमच्या महाळुंग्याच्या वरच्या माळावर वस्ती हाय आमची."

मेंढरं राखणाऱ्या जानकूचा हा मुलगा शिष्यवृत्तीवर पायलट झाला होता. परीक्षा सगळ्या पास, आता विमान कंपनीच्या बोलावण्याची वाट बघत बापाला हातभार लावत होता. माझं फ्लाइंग स्कूल वेगळं, त्यामुळं आम्ही कधी समोर आलो नव्हतो. आणि गावात तर काय, मी विमानात चहा वाटायचं शिकते अशीच अजून निम्म्या भावकीची समजूत. त्यानं मात्र पहिला प्रश्न विचारला तो माझ्या उतरायच्या वेगाबद्दल. राग थोडा उतरला. थोडाच.

मग मी माळावर जायला लागले. अभ्यासालाच हो! आजी मात्र गालात हसायची.

तो शिकवायचा छान, पण टोमणे मारून. म्हणायचा, पूर्वी विमानं एसटीसारखी जायची, जमिनीवरच्या एका रेडिओ स्टेशनच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर. महाळुंग्याहून घाटघरला निघालीस तर मंचर कर, नारायणगाव कर, जुन्नर कर. आता आकाशात पाहिजे तिथं बिंदू ठरवतात, उपग्रह सांगतात तू कुठं आहेस, आणि विमान सरळ त्या बिंदूकडं जातं. खाली ना खांब, ना पाटी. नुसतं पाच अक्षरांचं एक नाव.

"आरती, तुझं नाव इंग्रजीत बरोबर पाच अक्षरांत बसतं," तो एकदा मेंढरांकडं बघत म्हणाला. "मी बसवून बघितलं."

"तुला दुसरे धंदे नाहीत का?" मी म्हणाले. कान मात्र गरम झाले होते.

परीक्षेत खिडकीबाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावतात. आम्ही त्याच्या टोपीला पुठ्ठा चिकटवला आणि माळावरच विमान उतरवायला लागलो. मी हातातल्या मोबाईलचं होकायंत्र बघत चालायचं, आणि त्यानं मागून अंतर सांगायचं. पहिल्या खेपेला मी छातीठोकपणे सरळ चालत होते ती थेट बोरीच्या जाळीत शिरले. होकायंत्र डावीकडं वळल्याचं दाखवत होतं, पण मला पक्कं वाटत होतं की मी सरळ आहे. ढगात असंच होतं म्हणाला. अंगाला वाटतं ते खोटं असतं, आणि त्यापायीच माणसं मरतात. मग माझ्या ओढणीतले काटे काढत बसला... फार सावकाश काढत बसला.

शेवटच्या खेपेला भुरभुर पाऊस होता. शेवटची एक उंची ठरलेली असते, तिला मिनिमम म्हणतात. तिथवर आलं की मान वर करायची. धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर वाद घालायचा नाही, इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, नाक वर, आणि परत फिरायचं. त्याला गो-अराऊंड म्हणतात. मी "मिनिमम" म्हणून पुठ्ठा वर केला, तर तो कधी पुढं आला कोण जाणे, समोर हातभर अंतरावर उभा. पापण्यांवर पाणी.

"रनवे दिसला?"

"दिसला..."

"मग उतर ना."

मी पुठ्ठा झटकन परत डोळ्यांवर ओढला. त्याचाही रागच आला मला.

परीक्षा पास झाले, आणि घरात पेढ्यांमागोमाग पाहुणे आले. मंचरची माणसं, कोल्ड स्टोरेजवाली. मुलगा म्हणाला, लग्नानंतर छंद म्हणून उडवायला आपली हरकत नाही. छंद! मी ताटली इतक्या जोरात ठेवली की पोहे सांडले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते हसण्यावारी नेलं. रविवारी सुपारी फोडायची ठरली. एकदा सुपारी फुटली की मागं फिरता येत नाही; फिरलं तर अख्ख्या भावकीत आबांची मान खाली. म्हणजे जे काही बोलायचं ते रविवारच्या आत. मी माळावर जाऊन सार्थकला सांगितलं, तर तो म्हणाला, गुरुवारी वडिलांना, तात्यांना घेऊन मागणी घालायला येतो.

आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पुढं खांद्यावर घोंगडी टाकलेले जानकूतात्या, मागं इस्त्रीच्या शर्टात हा. ओसरीवर मंचरची दोन माणसं बसलेली. आबा लगबगीनं अंगणात गेले, तिथंच चहा मागवला, आबा आणि तात्या काही बोलले, तात्यांनी मान डोलावली. आणि दोघं बापलेक आल्या वाटेनं परत! मोबाईल वाजला. "मिनिममला रनवे दिसला नाही. गो-अराऊंड केलं."

मी अजून ते वाचतेय तोवर आबा खुशीत आत आले. "जानकू आला व्हता. बटाट्याच्या रानात मेंढरं बसवायचं ठरलं. शनिवारपासनं."

पीक निघालं की रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत पडतं, जमीन सुधारते. आमच्याकडं दरसाल जानकूचाच कळप. त्यामुळं जानकू दारात दिसला म्हणजे मेंढरांचंच बोलायला आला असणार, दुसरं काही आबांच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्कूटी काढली आणि माळ गाठला.

"गो-अराऊंड केल्यावर पायलट काय करतो?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "वर जातो... टॉवरला सांगतो... परत येतो."

"तू टॉवरला काय सांगितलंस? मेंढरं किती आहेत ते?" माझा आवाज चिरकला. "अरे, ते गो-अराऊंड नव्हतं. तू शेपूट घालून पळालास. आणि वर मला पुस्तकातलं नाव लिहून पाठवतोस!"

त्यानं पायाशी आलेलं कोकरू उगाच बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "तुझे आबा चार माणसांत म्हणाले, जानकूशिवाय मी कुणाला रान देत नाही. तात्या एवढे खूश झाले... त्या तोंडावर मी पुढचं कसं काढू? मागणीला आबा नाही म्हणाले असते तर तात्यांनी तो चहा कसा संपवला असता?"

हे ऐकून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. कुणाकुणावर रागावू? ओळखलं नाही म्हणून आबांवर, बोलले नाहीत म्हणून तात्यांवर, की ह्याच्यावर? शनिवारी मीच बोलते म्हणाले. तो म्हणाला, मी बोलतो. मी म्हटलं, बघू.

शनिवारी उन्हं कलताना कळप रानात बसला. आबा शिध्याचं गाठोडं घेऊन निघाले. मेंढपाळानं शेतातच तीन दगड मांडून आपलं रांधायचं आणि घरच्यांनी पीठ-डाळ नेऊन द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मी मागोमाग गेले. सार्थक पुढं आला, "आबा..." म्हणाला, आणि अडकला.

मला राहवलं नाही. "आबा, गुरुवारी ही माणसं मेंढरांसाठी आली नव्हती. मला मागायला आली होती. तुम्ही त्यांना बोलूच दिलं नाही."

आबांनी गाठोडं खाली ठेवलं. "खरं का रं, जानकू?"

"व्हय," तात्या म्हणाले. "पन तुमी मेंढरांचं इचारलं. म्या म्हणलं, आदी ते तरी व्हऊ द्या."

आबा सार्थककडं वळले. "आन् तुमचं काय म्हणणं हाय?"

"मला आरतीशी लग्न करायचंय," तो म्हणाला. नजर सरळ होती. "ती विमान माझ्यापेक्षा बरं उतरवती. ते कुणाला छंद वाटू नये, असं माझं म्हणणं हाय. आज तुमी नाय म्हणलात तर उद्या परत विचारीन. मेंढरं हितंच हायती."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही. त्यांनी गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं.

"हे घेऊन जा माघारी. मंचरला फोन करून मी सांगतो काय सांगायचं ते. जानकू, आज हितं चूल मांडू नगंस. जेवायला घरात चल."

"मेंढरांपाशी कोन?"

"कुत्री हायती की."

इतकी वर्षं कळप आमच्या रानात बसला, पण तात्या आमच्या घरात कधी जेवले नव्हते. इतकं सोपं होतं तर आजवर का नाही, असं मला ओरडून विचारायचं होतं. पण दारात तात्या आपल्या चिखलाच्या पायांकडं बघत थबकले, आणि आबा स्वतः तांब्या घेऊन त्यांच्या पायांवर पाणी घालायला वाकले.