देवगाव फाट्यावरची सवारी

ती जावा मी घेतली एका रविवारी, जिंतूरला. दिवाळी होऊन गेली होती, कोवळं ऊन होतं. बोरीहून यष्टीनं निघालो तेव्हा डोक्यात एकच विचार होता. जानेवारीत औरंगाबादला मातीच्या ट्रॅकवर शर्यत होती, आणि माझ्याकडे गाडी नव्हती.

साल एक्क्याण्णव. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. बोरीत माझं पाण्याच्या मोटारी आणि मोटारसायकली दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. कुणीतरी सांगितलं होतं की जिंतूरला सुमनबाई म्हणून शाळेत शिकवतात, त्यांच्याकडे अडुसष्टची जावा पडून आहे, शर्यतीसाठी बनवलेली.

बाईंनी दार उघडलं. पन्नाशीच्या, पांढरं पातळ, चष्मा. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी पोत्याचं झाकण काढलं, आणि मी बघतच राहिलो. टाकीचा मरून रंग उडालेला, निकेलवर गंज, टायर मातीला चिकटलेले. पण हँडल खाली घेतलेलं, पायदान मागं सरकवलेलं. हातानं, हौसेनं केलेलं काम होतं.

"आमच्या ह्यांची," बाई म्हणाल्या. "बन्सीधर नाव त्यांचं. डेपोत मेकॅनिक होते. हैदराबादला दोनदा शर्यतीत पळवली होती. अठ्ठ्याहत्तरला गेले. त्यानंतर कुणी किक मारली नाही."

"आजारी होते का?"

बाईंनी पोत्याची घडी केली. "विद्यापीठाच्या नावावरून पेटलं होतं ना, तेव्हा वस्त्या जाळायला लागले होते. हे दोन दिवस, दोन रात्री माणसं आणत होते या गाडीवरून. एकेक करून. आमच्या या घरात एकोणीस जण होते. शेवटची एक म्हातारी देवगाव फाट्यावर राहिली होती. तिला आणायला गेले… ओढ्याला पूर होता. गाडी तेवढी पुलाजवळ उभी सापडली."

त्या वेळी आमचं शेत देवगाव फाट्याजवळच होतं. मी पंधरा वर्षांचा होतो, आणि त्या आठवड्यात मला मामाकडे पाठवलं होतं. पुढच्याच वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काळीभोर जमीन विकली आणि आम्ही बोरीला आलो. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

"मोडीत घालू नका," निघताना बाई म्हणाल्या. "चालवा. त्यांना उभी गाडी आवडत नव्हती."

दोन महिने मी त्या गाडीत बुडून गेलो. इंजिन उघडलं तेव्हा मला त्या माणसाची खरी ओळख झाली. सिलिंडरची भोकं त्यानं कानशीनं मोठी करून आतून अशी घासली होती, की चिंचेनं उजळलेलं तांब्याचं भांडं वाटावं. क्लचच्या झाकणाआत, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथंही, एकेक धार गोल केलेली. मी परभणीहून पिस्टन आणला, रिंगा आणल्या, पॉइंट नवे टाकले. पण त्याच्या कामाला हात लावला नाही. कधीकधी पाना फिरवता फिरवता मी त्याच्याशी बोलायचो. "हे कसं केलंस रे बाबा?" म्हणायचो. कधी न भेटलेल्या माणसाविषयी इतकी माया वाटू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी आबा दुकानासमोरून चालले होते. जावाचा आवाज वेगळाच, दोन सायलेन्सरचा, गोल. आबा जागीच थांबले. काठी हातातून पडली.

"कुणाची हाय ही?"

"जिंतूरच्या सुमनबाईंकडून घेतली."

ते जवळ आले, मागच्या सीटवर हात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा उचलला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हातारपण, असं मी समजलो.

शर्यतीला आठवडा राहिला होता. लांबची ट्रायल म्हणून मी जिंतूरवरून थेट देवगाव फाट्यापर्यंत गेलो. गाडी सुरेख चालली. फाट्याच्या थोडं पुढं, लिंबाखाली थांबून प्लग काढून बघितला. रंग बरोबर होता, कोरड्या विटकरीसारखा. दुपारचे बारा वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कापसाची वखारही बंद. इतकी शांतता, की गरम सायलेन्सर निवताना होणारा टिक टिक आवाजही मोठा वाटत होता.

मी गाडी जिंतूरकडं वळवली, किक मारली, गिअर टाकला. आणि गाडीचा मागचा भाग खाली बसला.

गाडीवर आयुष्य गेलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मागं कुणी बसलं की शॉकअप कसे दबतात, हँडल कसं हलकं होतं, ते अंगाला कळतं. वजन फार नव्हतं. एखाद्या सुकलेल्या म्हातारीएवढं. ती एका अंगानं बसली होती, बायका बसतात तशी. गाडी किंचित डावीकडं ओढत होती. मग वास आला. ओल्या लुगड्याचा, आणि जळालेल्या कुडाचा.

मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

"कोण… कोण हाय?"

फक्त खांद्याजवळ श्वास, धाप लागलेल्या माणसाचा.

तसाच चालवत राहिलो. काय करणार? थांबलो असतो तर तिच्यासोबत थांबावं लागलं असतं. पाच-सहा किलोमीटरवर ओढ्याचा पूल आला. पुलाच्या मधोमध मागचा भाग एकदम वर आला, आणि गाडी हलकी झाली. खाली ओढ्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. मी सीटवर हात फिरवला. भर उन्हात सीट चिंब होती.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. ते अंगणात बाजेवर बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा मातीसारखा होत गेला.

"धुरपता हाय ती," ते म्हणाले.

धुरपतामाय! आमच्या शेतात खुरपायला यायची. हुरड्याच्या दिवसांत गरम कणसं तळहातावर चोळून, फुंकून, पहिली मूठ माझ्या हातावर ठेवायची. ती वारली एवढंच मला सांगितलं होतं.

"पुलावर बाभळीचे काटे टाकले होते आमच्या लोकांनी," आबा म्हणाले. "मी टाकले न्हाईत. पण उभा होतो. ह्या जावावाल्यानं गाडी स्टँडवर लावली, सगळ्यांना हात जोडले. म्हातारीला तरी जाऊ द्या म्हणाला. कुणी हाललं न्हाई. मग तिला धरून खालून पाण्यात उतरला. पाणी लय होतं, लिंबाजी… मधी गेल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. वळखीचा माणूस म्हणून बघितलं. दत्तराव, म्हणून हाक मारली. हात पुढं केला असता तर पोचला असता."

"मग?"

"न्हाई केला."

मला त्यांचा राग आला. इतका आला की उठून जावंसं वाटलं. आणि ते इतके लहान दिसत होते, की उठवलं नाही. शेवटी तेच म्हणाले, "मला ने तिथं."

शर्यत होती त्याच रविवारी आम्ही निघालो. बाईंना आदल्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं होतं, आबांचं नावसुद्धा. त्या मागच्या रिकाम्या पत्र्याच्या खोलीपर्यंत जाऊन आल्या. मग म्हणाल्या, "तिला इथंच आणा. तिची जागा इथंच होती."

फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. आबा उतरले, लिंबाखालच्या दगडाजवळ गेले, डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. माझ्या बापाला मी कुणापुढं असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"धुरपता," ते मोकळ्या रस्त्याला म्हणाले, "बस गं माय. आता कुणी आडवं येणार न्हाई." मग मला, "तू जा. मी थांबतो हितं. पुलावर थांबू नको, मागं बघू नको."

मी इंजिन सुरू केलं. क्षण, दोन क्षण. मागचा भाग दबला. चांगला दबला, शॉकअप जवळजवळ टेकले. भीतीनं मला जड वाटतंय, असं मी मनाला समजावलं आणि गाडी सोडली.

पूल आला. ब्रेकला पाय लावला नाही. मधोमध आलो… वजन तसंच. पलीकडचा काठ आला, तरी तसंच! मला हुंदका फुटला. पुढचा सगळा रस्ता गाडी अशी चालली, की काय सांगू. प्रत्येक वळणावर मागचा माणूस माझ्यासोबत झुकत होता, बरोबर जितकं झुकायला पाहिजे तितकं. वेग वाढवला की पुढं सरकायचा. गाडीवर बसणं ज्याला ठाऊक आहे त्यानं बसावं, तसं.

बाई दारातच उभ्या होत्या. मी थांबलो. गाडी हलकी झाली.

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या बाजूला बघत होत्या, थोडं वर, उंच माणसाच्या तोंडाकडं बघावं तसं. चष्मा काढून त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"लय उशीर केलात," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं मलाच म्हणाल्या. "हो बाई, निघायला वेळ झाला," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. दारातून एका अंगाला सरकल्या, कुणाला तरी आत जायला वाट दिल्यासारख्या, आणि मग मागोमाग आत गेल्या. दार लागलं. आतून कडी घालायचा आवाज आला, आणि बाईंचं हसू. पोरीसारखं.

मी परत फाट्यावर आलो तेव्हा सूर्य टेकला होता. आबा दगडावर बसले होते. त्या दगडावर दोघं ऐसपैस बसले असते, पण आबा अगदी कडेला बसले होते. चेहरा रडून रडून धुतल्यासारखा, शांत.

"पोचवलं," मी म्हणालो.

"हां. मास्तर माणूस होता गाडीचा. किती वर्षांनी घरी गेला."

"कोण? मी तर धुरपतामायला…"

"ती कुठं गेली?" आबा म्हणाले. "ती म्हणाली, आधी त्याला जाऊ दे, त्याची बायको वाट बघायलीय. तवापासनं हितंच बसलोय आमी दोघं." त्यांचा उजवा हात गुडघ्यावर उताणा होता, बोटं मिटलेली, आत कुणाचा तरी हात असावा तशी.

गाडी वळवली, त्यांच्याजवळ आणली. आबा उठले. सावकाश माझ्या मागं बसले. शॉकअप दबले.

"कुठं जायचं आबा?" मी विचारलं.

"घरी."

मी क्लच दाबला. तेवढ्यात त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जरा पुढं सरक, लिंबाजी," ते म्हणाले. "तिला जागा होऊ दे."

मी टाकीवर सरकलो. आणि शॉकअप आणखी एकदा दबले.