बरोबर चाललेलं घड्याळ

बर्फघराचं दार उघडलं, तेव्हा मासळी कारखान्याचा मालक फ्रान्स ट्यूना माशांच्या शेजारी गोठून पडला होता. आतून दार उघडायची कडी कुणीतरी काढून नेली होती. म्हणजे खूनच.

वीज पडून डिश जळाल्यापासून बांदा समुद्रातल्या या बेटावर नेट नव्हतं, की उपग्रह नव्हता. दाराच्या कुलपाची नोंद ठेवणारा कारखान्यातला संगणक आपल्याच तंद्रीत चालायचा, आणि महिन्यागणिक थोडा पुढे पळायचा. आता तो चांगला दहा मिनिटं पुढे होता. तो सांभाळणारा दोमिंगस त्याला हातही लावायचा नाही. सारखं फिरवलं की घड्याळ किती पळतं तेच कळत नाही, हे त्याचं शास्त्र. गाव पावतीवरच्या वेळेतून मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचं आणि त्याची टर उडवायचं.

नोंद सांगत होती, कुलूप काल रात्री आठला लागलं. दहा मिनिटं वजा केली तरी तेव्हा अख्खं गाव चर्चमध्ये होतं आणि कारखान्यात एकटा दोमिंगस. झालं! फ्रान्सचे मुलगे कोयते घेऊन पोलीस चौकीसमोर ठाण मांडून बसले. अंबोनहून पोलिसांची बोट उद्या यायची होती. तोवर चौकीत ठेवलेल्या दोमिंगसला जिवंत ठेवणं, गाव जिला उसी, म्हणजे ताई, म्हणायचं त्या फेबिओला हवालदारणीच्या एकटीच्या अंगावर पडलं.

"काल जागा सोडली होतीस?" तिनं विचारलं.

"सांजच्याला जेवायला घरी गेलो होतो, उसी. प्रार्थनेआधी परत आलो."

"फ्रान्स दिसला?"

"नाही. घरी गेला असेल म्हटलं."

"घड्याळाला हात लावलास?"

"कधीच नाही."

ती कारखान्यात गेली. रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके पडले, आणि शेवटच्या ठोक्याला संगणकावरचा तास बदलला. चर्चमध्ये काल कोण कोण होतं ते ती विचारत फिरली, आणि जाता जाता प्रत्येकाला किती वाजले तेही विचारलं. कुणी सूर्याकडे पाहिलं, कुणी अंदाजानं ठोकून दिलं. गलबतावरच्या सुकाणूखोलीत उभी हयात काढलेल्या, परवाच सुट्टीवर आलेल्या एलियासरनं मात्र मनगटाकडे बघून सेकंदासकट सांगितलं.

दुपारी तिनं सगळ्यांना चौकीत बसवलं.

"ते घड्याळ पुढे असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "आज ते बरोबर आहे. उपग्रह नाही, नेट नाही, मग आपोआप सुधारलं कसं? कुणीतरी आठ दाखवायला ते पुढे केलं, दोमिंगस जेवत असताना फ्रान्सला कोंडलं, मग घड्याळ मागे आणलं आणि चर्चमध्ये जाऊन बसलं. गावातला असता तर त्यानं ते दहा मिनिटं पुढेच ठेवलं असतं. पण दर्यावरच्या माणसाला चुकीचं घड्याळ बघवत नाही. मनगटावरच्या वेळेशी लावल्याशिवाय त्याचा हात मागे येत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एलियासरदादा."

एलियासरनं नाकारलं नाही. खिशातून कडी काढून त्यानं टेबलावर ठेवली.

"माझा धाकटा भाऊ बुडत होता, तेव्हा फ्रान्सनं डिझेल वाचवायला दुसरी होडी सोडली नाही. त्याला मी मारला. आणि त्या रात्री होड्यांच्या रेडिओपाशी हा होता, म्हणून फास याच्या गळ्यात अडकवला. पस्तावा? अजिबात नाही." तो दोमिंगसकडे वळला. "एकच सांग. माझा भाऊ हाका मारत होता, त्या ऐकल्यास?"

"रेडिओ बिघडला होता, असं मी तेव्हा..." दोमिंगस अडखळला. मग मान खाली गेली. "ऐकल्या. पहाटेपर्यंत मारत होता. फ्रान्स म्हणाला, बस गप. मी बसलो."

कोपऱ्यात एलियासरची आई होती. तिनं पदर तोंडात कोंबला. फ्रान्सच्या मुलांनी कोयते खाली टाकले, पण त्यांच्यावर कुणाचं लक्षच नव्हतं. सगळं गाव दोमिंगसकडे बघत होतं.

"आता भागलं माझं," एलियासर म्हणाला आणि हात पुढे केले.

बेड्यांची जोडी एकच होती, आणि ती दोमिंगसच्या हातात होती. फेबिओलानं किल्ली काढली आणि दोमिंगसला म्हणाली, "सुटलास, जा घरी."

दोमिंगसनं दाराकडे पाहिलं, दारातल्या माणसांकडे पाहिलं, आणि हात मागे घेतले. "उसी," तो म्हणाला, "मलाही उद्याच्या बोटीनं ने."